पानांचे फोटो काढणाऱ्याकडून

पानगळीतल्या रेल्वे फोटोंवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो. जमलं नाही, म्हणून स्वतंत्रच लिहितो. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश असा: फोटोंत झाडं मोठी आणि गाडी लहान, इंजिनाचा नंबर वाचता येत नाही, पाचशेचा शटर (म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग) पुरत नाही, पोलरायझरचा (चकाकी मारणाऱ्या, पण प्रकाशही खाणाऱ्या फिल्टरचा) सल्ला फसवा आहे, आणि जागांची नावं छापल्यामुळे तिथे गर्दी होऊन लोक शेतांच्या फाटकांसमोर गाड्या लावतील. इथवर सगळं ठीक होतं. मग जाता जाता, वाफेच्या गाड्यांचे नावाजलेले फोटोग्राफर एरिक ट्रेसी यांचं नाव घेऊन, तुम्ही हे ठेवून दिलंत: "ज्याला गाड्या कळत नाहीत तो पानांचे फोटो काढतो. एरिक ट्रेसींचे फोटो बघा, म्हणजे कळेल."

फोटो फसलाय म्हणा, कंटाळवाणा आहे म्हणा, मी ऐकून घेईन. पण "कळत नाहीत"? चार चित्रं बघून माणसाला काय कळतं नि काय नाही याचा निकाल तुम्ही लावलात, आणि तोही टोपणनावाच्या आडून. माझं नाव लेखाच्या डोक्यावर आहे. तुमचं कुठे आहे?

आता कळण्याचाच विषय निघालाय तर सांगतो. ब्रिटनमधल्या रुळांच्या कडेला मी उभा राहायला लागलो तेव्हा कॅमेऱ्यात चौसष्ट आयएसओची, म्हणजे भरपूर ऊन मागणारी स्लाइड फिल्म असायची. ऑक्टोबरच्या तिरप्या उन्हात पाचशेचा शटर हवा असेल तर भिंग एफ ४ पर्यंत उघडावं लागे. मग फोकस कुठे धरायचा हे गाडी येण्याआधीच ठरवून ठेवायचं, कारण तेवढ्या उघड्या भिंगाने इंजिनाचं नाक तरी स्वच्छ मिळायचं किंवा मागचे डबे तरी. ढग आला की दिवस गेला. निकाल बघायला फिल्म धुऊन येईपर्यंत थांबायचं. हे सगळं केलेल्या माणसाला "ट्रेसी बघा" म्हणणं म्हणजे वारकऱ्याला पंढरीचा रस्ता सांगणं झालं. ट्रेसी इंग्लंडमधल्या वेकफिल्डचे बिशप होते, इंजिनावरच्या माणसांशी त्यांची दोस्ती होती, आणि १९७८ साली त्यांना मरण आलं तेही उत्तर इंग्लंडातल्या सेटल-कार्लाइल रेल्वेमार्गावरच्या ॲपलबी स्टेशनात. तिथल्या त्यांच्या स्मृतिफलकासमोर मी टोपी काढून उभा राहिलोय. तुमच्याआधी की नंतर, तो भाग सोडून देऊ.

ट्रेसींच्या फोटोंत गाडी नाकापासून शेपटीपर्यंत मोकळी दिसते, हे खरंच आहे. पण ती मोकळी का दिसते याचा विचार केलात? वाफेच्या इंजिनातून ठिणग्या उडायच्या, कडेचं गवत पेटायचं. म्हणून रुळांची देखभाल करणाऱ्या टोळ्या भराव आणि खोदाईचे (जमीन खोदून रूळ नेलेल्या जागांचे) उतार, त्यांवरचं गवत-झुडूप कापून, जाळून उघडे ठेवत. ऑगस्ट १९६८मध्ये ब्रिटिश रेल्वेवरची मुख्य मार्गांची वाफ संपली आणि ती छाटणीही हळूहळू आटली. त्याच उतारांवर मग सिकामोर, ॲश, बर्च ही झाडं माजली. ट्रेसींच्या काळात जिथून अख्खी गाडी दिसायची, अशा कित्येक जागांवरून आज ती फक्त ऐकू येते. म्हणजे तुम्हाला हवा असलेला फोटो मी काढत नाही, कारण तो काढायला जागाच उरलेली नाही. आणि ज्या झाडांवर तुम्ही चिडलात ती तिथे उभी आहेत, हाच गेल्या पन्नाससाठ वर्षांचा रेल्वेचा इतिहास आहे. तो फ्रेमबाहेर कसा ठेवू?

बरं, पानं ही रेल्वेची बाब नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं? पान रुळावर पडतं, चाकाखाली चिरडतं, ओलाव्यात त्याचा काळा, कडक, निसरडा थर तयार होतो. चाकं घसरतात, ड्रायव्हरला ब्रेक फार आधी लावावे लागतात. थर जाड झाला तर चाक आणि रूळ यांच्यातला विजेचा संपर्क तुटतो आणि गाडी नेमकी कुठे आहे हे सिग्नल यंत्रणेलाच नीट कळेनासं होतं. ऑक्टोबर ते डिसेंबर नेटवर्क रेल, म्हणजे ब्रिटनचे रूळ सांभाळणारी संस्था, खास गाड्या सोडते: बऱ्याचदा दोन्ही टोकांना एकेक डिझेल इंजिन, मधे सपाट वाघिणींवर पाण्याच्या टाक्या, आणि खाली १,५०० बार दाबाचा फवारा. काही ठिकाणी त्यामागून वाळू आणि धातूच्या कणांचं जेलही रुळावर सोडतात. या गाड्या पानगळीपुरत्याच धावतात. लेखातला दुसरा फोटो अशाच गाडीचा होता! टाक्या, मागे उडालेला पाण्याचा धुरळा आणि वर पिवळं झालेलं सिकामोर. तुम्हाला त्यात फक्त सिकामोर दिसलं. मग गाड्या कोणाला कळत नाहीत?

आणि तिसरा फोटो तर त्याच सेटल-कार्लाइल मार्गावरच्या रिबलहेडचा. चोवीस कमानींचा पूल, सर्वांत उंच जागी सुमारे ३२ मीटर, दीडशे वर्षं त्या वाऱ्यात उभा. भोवती दलदलीचं माळरान, झाड औषधाला मिळायचं नाही. तिथली पानगळ म्हणजे तांबूस झालेलं गवत आणि नेचे. कोणती पानं मोजलीत तिथे? गाडी लहान आहे, हो. चोवीस कमानी दाखवायच्या तर गाडी लहानच येणार. ब्रिटिश रेल्वे फोटोग्राफर कॉलिन गिफर्ड साठच्या दशकात गाडीला मुद्दाम कोपऱ्यात ठेवायचे आणि बाकी चौकट घरांना, धुराड्यांना, माणसांना देऊन टाकायचे. त्यांनाही गाड्या कळत नव्हत्या असं म्हणणार असाल तर आपलं बोलणं इथेच थांबलेलं बरं.

नंबर वाचता येत नाही म्हणता. नंबर टिपायचा असेल तर वही आणि पेन्सिल पुरते, त्यासाठी कॅमेऱ्याचं ओझं कशाला?

तरी थोडं उन्हाबद्दल बोलतो, कारण पानगळीला रुळांशेजारी जायचं खरं कारण तेच आहे आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखही नाही. रिबलहेडच्या अक्षांशावर जूनच्या शेवटी भर दुपारी सूर्य ५९ अंशांवर असतो. ऑक्टोबरअखेर तो २२ अंशांच्या वर जात नाही. जूनमध्ये डब्याच्या कडेची सावली खालच्या चाकांच्या सांगाड्यावर पडते आणि चाकं, स्प्रिंगा, ब्रेकचं सामान सगळं काळ्यात बुडतं. ऑक्टोबरात ऊन आडवं येऊन थेट चाकांना भिडतं. गाड्या कळणाऱ्याला हे आवडायला हवं. त्याची किंमतही आहे. दहा मीटरच्या झाडाची सावली जूनमध्ये सहा मीटर, ऑक्टोबरअखेर भर दुपारीही पंचवीस मीटर, म्हणजे दोन्ही रुळांवरून पलीकडे जाईल एवढी. त्यामुळे खोदाईतल्या जागा या दिवसांत सोडून द्याव्या लागतात आणि भराव, पूल, उघडी वळणं शोधावी लागतात. शिवाय सूर्य दिवसभर दक्षिणेलाच घोटाळतो, तेव्हा पूर्व-पश्चिम मार्गाच्या उत्तर बाजूला उभं राहिलात तर गाडीची सावलीतली बाजूच पदरात पडेल. मी तरीही कधी कधी तिथेच उभा राहतो. सूर्य मावळतीला आला की डब्यांच्या कडेवर जी लखलखीत रेघ उमटते, ती समोरून ऊन घेऊन मिळत नाही. एक्स्पोजर त्या रेघेवर लावायचं, बाकी काळं पडलं तर पडू द्यायचं. तुमच्या हिशेबाने तोही फोटो बाद.

शटरचं मात्र मान्य. ताशी शंभर किलोमीटरने गाडी सेकंदाच्या पाचशेव्या भागात साडेपाच सेंटिमीटर पुढे जाते. ती आडवी जात असेल तर तेवढं हलणं डोळ्याला खुपतं. नाकासमोरून तिरपी येत असेल तर चालून जातं, आणि माझे दोन फोटो तसेच आहेत. पण आता डिजिटल कॅमेऱ्यात आयएसओ वाढवायला काही लागत नाही. शटर हजारचा ठेवा, दोन हजारचा ठेवा. फिल्मच्या दिवसांची सवय माझ्या बोटांत राहिली आहे, आणि ती अज्ञानातून आलेली नाही हे वर सांगितलंच.

पोलरायझरबद्दल: लेखात "ऊन पुरेसं असेल तरच" असं लिहिलंय, ते शब्द गाळून वाचल्यावर सल्ला फसवा वाटणारच. फाटकं आणि गर्दी: मी काही कोणाला फाटकासमोर गाडी लावायला सांगितलेलं नाही. कुंपणाच्या अलीकडे, सार्वजनिक पायवाटेवर किंवा पुलावर उभं राहायचं, हेही लेखात आहे. जागांची नावं काढावीत असं आणखी दोघातिघांनी कळवलंय. त्यांनी ते नीट शब्दांत कळवलंय. नावं राहतील.

तुमची प्रतिक्रिया काढून टाकत नाही, वाचणाऱ्यांनी दोन्ही वाचावं. पुढचा लेख नोव्हेंबरच्या धुक्यावर आहे. त्यात गाडी आणखीच कमी दिसणार आहे, तेव्हा आधीच कळवून ठेवतो.