खगोलशास्त्रातली चुरस, मैत्री आणि एक अर्धवट दावा

सध्या फिरणारा दावा असा: ‘खगोलशास्त्रातली मोठी कोलॅबोरेशन्स म्हणजे देखावा. मैत्री असली की एकमेकांच्या चुका सांभाळून घेतात, नसली की डेटा लपवतात, आणि प्रतिस्पर्ध्यांचं कधीच जमत नाही.’

चुका सांभाळून घेण्याचं आधी बघू. इव्हेंट होरायझन टेलिस्कोप म्हणजे जगभरातल्या रेडिओ दुर्बिणी जोडून केलेली एक मोठी दुर्बीण, पण त्या दुर्बिणी मोजक्याच. त्यामुळे मोजमापांत मोठ्या फटी राहतात आणि एकाच डेटात अनेक चित्रं बसू शकतात. फटी भरताना ‘कृष्णविवराभोवती उजळ कडं दिसणारच’ ही अपेक्षा नकळत चित्रात उतरू शकते. म्हणून एम८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवरासाठी २०१८ मध्ये चार गट केले गेले आणि जवळपास सात आठवडे त्यांनी आपली चित्रं एकमेकांना दाखवली नाहीत. चौघांनाही कडंच मिळालं, दक्षिणेकडे जास्त उजळ. तरीही पुढे कृत्रिम डेटावर परीक्षा झाली: कडं, चंद्रकोर, मध्ये भोक नसलेली चकती, दोन ठिपके. चकतीच्या डेटातूनही कडंच काढणारी सॉफ्टवेअरची सेटिंग काय कामाची?

गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगोने तर आपल्याच लोकांची परीक्षा म्हणून सप्टेंबर २०१० मध्ये स्वतःच्याच डेटात खोटा संकेत घातला होता. मोजक्यांनाच ते ठाऊक होतं. बाकीच्यांनी शोधनिबंध लिहून तयार ठेवला. संकेत खोटा होता हे मार्च २०११ मध्ये बंद लिफाफा उघडल्यावर कळलं.

डेटा लपवण्याचा आरोप बराचसा गैरसमजातून येतो. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीची बहुतेक निरीक्षणं प्रस्ताव देणाऱ्या गटाकडे फार तर १२ महिने राखीव असतात, मग सगळ्यांना खुली होतात. तेवढी मुदतही नसेल तर प्रस्ताव एकाने लिहायचा आणि निबंध दुसऱ्याने.

पण यात तथ्यही आहे, आणि त्याचं उदाहरण म्हणजे दक्षिण ध्रुवावरचा बायसेप२ हा प्रयोग. मार्च २०१४ मध्ये या गटाने आदिम, म्हणजे विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या, गुरुत्वीय लहरींच्या खुणा सापडल्याचं जाहीर केलं. त्यांचं मोजमाप १५० गिगाहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर होतं, आणि एका वारंवारतेवरून आकाशगंगेतली धूळ वेगळी काढता येत नाही. धुळीसाठी लागणारं ३५३ गिगाहर्ट्झचं मोजमाप प्लांक या युरोपीय उपग्रहाच्या गटाकडे होतं, पण आकाशाच्या त्या भागाचं ते प्रसिद्ध झालेलं नव्हतं. बायसेपने प्लांकच्या व्याख्यानातल्या एका स्लाइडवरून अंदाज बांधला. २०१५च्या सुरुवातीला दोघांनी डेटा एकत्र केला आणि दावा टिकला नाही. हे एकत्र बसणं जाहीर करण्याआधी व्हायला हवं होतं, एवढी टीका रास्तच.

राहिला प्रतिस्पर्ध्यांचा मुद्दा. विश्वाचा विस्तार वेग घेतोय हे १९९८ मध्ये दोन गटांनी चुरशीने दाखवलं. २०११चं नोबेल दोन्हीकडे गेलं. मात्र जवळच्या सुपरनोव्हांसाठी, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांसाठी, दोघांनीही कॅलान-टोलोलो या एकाच सर्वेक्षणाचा डेटा वापरला होता, त्यामुळे त्यांचं एकमत पूर्णपणे स्वतंत्र म्हणता येत नाही. हे सहसा कोणी सांगत नाही.

२९ जून २०२३ रोजी अमेरिका, युरोप-भारत, ऑस्ट्रेलिया आणि चीन इथल्या पल्सार टायमिंग गटांनी, म्हणजे पल्सार या ताऱ्यांच्या नियमित स्पंदांची वेळ मोजून गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्यांनी, आपापले निकाल ठरवून एकत्र जाहीर केले. यांतल्या अनेकांचा डेटा आता एकत्र जोडला जातोय. त्यात एकाच पल्सारच्या नोंदी जुळवायच्या तर प्रत्येक उपकरणाचा वेळेतला फरक वेगळा काढावा लागतो. कुठल्या तारखेला रिसीव्हर बदलला, कुठे घड्याळ सरकलं, हे त्या दुर्बिणीवर काम करणाऱ्यांनाच विचारावं लागतं. तिथे ओळख नसेल तर काम अडतं.