एक बोकड आणून कळप जमनापारी होत नाही

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या आत्याच्या फोनवर हा मेसेज तिसऱ्यांदा आला आणि जवळच्या डबऱ्याच्या शेतावरच्या बारबरी जातीच्या बारा शेळ्यांसाठी ती बोकड शोधायला लागलीसुद्धा. मेसेज म्हणतो: एक जमनापारी जातीचा बोकड आणा, दोन वर्षांत सगळा कळप शुद्ध जमनापारी, पुढे घरचाच दणकट बोकड ठेवा, दुसरा घ्यायला नको, संकरित करडं आजारी पडत नाहीत, लशीचा खर्च वाचतो.

सगळ्यात घातक आहे ते ‘घरचाच बोकड’. अहो, तो बोकड आणि त्या पाटी (तरुण माद्या) एकाच बापाची पोरं! बाप लेकीवर गेला तर करडांत समरक्तता (जवळच्या नात्यातल्या संकराचं प्रमाण) २५ टक्के, सावत्र भावंडांत १२.५ टक्के. मग करडं हलकी जन्मतात, मरतूक वाढते, पाटी उलटतात, म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर येतात, आणि दोष चाऱ्याला मिळतो. नर करडू चार महिन्यांचं झालं की चढू शकतं, म्हणून तिसऱ्या महिन्यातच नर-मादी वेगळ्या करा, नको असलेले नर बर्डिझो चिमट्याने (कातडी न कापता नस चेपणाऱ्या) खच्ची करा. पैदाशीचा बोकड त्याच्या लेकी माजावर यायच्या आत बदलाच. कानात बिल्ला आणि वहीत आई, बाप, जन्मतारीख, जन्माचं वजन एवढं होत नसेल तर संकराच्या वाटेला जाऊ नका.

दोन वर्षांत शुद्ध? गाभणकाळच पाच महिन्यांचा. पहिल्या पिढीत ५० टक्के, मग ७५, ८७.५, चौथ्या पिढीत ९३.७५, तेही दर पिढीला नात्याबाहेरचा अस्सल जमनापारी बोकड मिळाला तर. सहा-सात वर्षं सहज जातात.

शिवाय जमनापारी ही इटावा-भिंडच्या बेहडातली (नदीकाठच्या घळींच्या रानातली), बाभूळ-बोरीचा पाला ओरबाडत फिरणारी उंच जात. दावणीला ती खंगते. बारबरी मात्र अंगणात बांधून पोसते आणि जुळी देते. पहिलारू बारबरी पाट मोठ्या बोकडाला दाखवली तर करडू अडतं. एक-दोन वेतं झालेल्या, भरलेल्या शेळीवरच हा धोका पत्करावा.

पहिल्या पिढीची करडं जोमाने वाढतात, हे मान्य करावं लागेल, पण खुराक असला तरच. त्यांचाच आपसात संकर केला की तो जोम निम्म्यावर येतो. १९७१ साली सुरू झालेल्या शेळी सुधारणेच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पानेही आधी अल्पाईन, सानेनचा संकर करून पाहिला आणि पुढे भर दिला तो देशी जातींतल्याच निवडीवर.

लशीचं म्हणाल तर पीपीआर (शेळ्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग) संकर-बिंकर ओळखत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ती लस, दर पावसाळ्याआधी आंत्रविषाराची.

आत्या, बोकड आणायचाच तर बारबरीच आण. दुसऱ्या गावचा, जुळ्यातला, दुधाळ आईचा. आणि आणल्यावर निदान तीन आठवडे कळपापासून लांब बांध.