पुण्यातली लस, आफ्रिका आणि वंध्यत्वाची अफवा

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. परदेशी पैशातून बनणाऱ्या लसी म्हणजे गरीब देशांची लोकसंख्या कमी करायचा डाव, आणि पुरावा काय तर पुण्याच्या सीरममध्ये आफ्रिकेसाठी बनलेली मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा आजार) लस, मेनअफ्रिव्हॅक. आत धनुर्वाताचं विष घातलंय म्हणे, मुलं होत नाहीत, पहिला प्रयोग आफ्रिकेतल्या लोकांवर, कंपनीची चांदी, आणि आजार गेला तरी आता परत नवीन लस. हे वाचून माझ्या गरोदर वहिनीने धनुर्वाताचं इंजेक्शन नको म्हणून सांगितलं, म्हणून लिहितेय.

आधी ते विष. मेनिंजायटिसच्या जंतूचं नुसतं साखरेचं आवरण टोचलं तर लहान मुलांचं शरीर ते नीट लक्षात ठेवत नाही, म्हणून ते एका प्रोटीनला जोडतात, आणि ते प्रोटीन म्हणजे टिटॅनस टॉक्सॉइड, विषारीपणा पूर्ण काढून टाकलेलं. अहो हेच टॉक्सॉइड आपल्याकडे गरोदर बायकांना वर्षानुवर्षं देतात! तुमच्या आईने घेतलंय, तुम्ही जन्मलात ना? त्यामुळेच बाळंतिणी आणि तान्ही बाळं धनुर्वाताने जायची ते इतकं कमी झालं की २०१५ मध्ये डब्ल्यूएचओने भारतातून त्याचं निर्मूलन झाल्याचं मान्य केलं. आणि आफ्रिकेतला बुर्किना फासो हा देश, जिथे २०१० च्या डिसेंबरात १ ते २९ वयाच्या सगळ्यांना ही लस द्यायला सुरुवात झाली, तिथली लोकसंख्या २००६ च्या जनगणनेत १ कोटी ४० लाख होती आणि २०१९ ला २ कोटी ५ लाख. कुठे बंद झाली मुलं?

पहिला प्रयोग आफ्रिकेत? साफ खोटं. २००५ मध्ये पहिली चाचणी भारतातल्या निरोगी प्रौढांवर झाली, माली आणि गाम्बिया त्यानंतर.

चांदी म्हणाल तर डोसची किंमत ५० अमेरिकन सेंटच्या आत ठेवायची हीच अट होती, त्याहून जास्त आफ्रिकेतल्या सरकारांना परवडत नव्हतं. आवरण प्रोटीनला जोडण्याचं तंत्र अमेरिकेच्या एफडीए या सरकारी औषध नियामक संस्थेच्या लॅबमधून आलं, पैसा गेट्स फाउंडेशनचा, उत्पादन पुण्यात, समन्वय डब्ल्यूएचओ आणि पाथ या संस्थेचा. यात लपवलेलं काही नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. याच पाथने २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये मुलींना एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूवरची) लस दिली तेव्हा संमतीचा खेळखंडोबा झाला, हॉस्टेलच्या वॉर्डननी परस्पर सह्या केल्या. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्यांना झापलं ते बरोबरच होतं. पालकांना न विचारता टोचणं चूकच. पण राग संमतीच्या फॉर्मवर काढा ना, टॉक्सॉइडवर कशाला?

आणि नवीन लस का? १९९६-९७ च्या साथीत आफ्रिकेत अडीच लाख लोक आजारी पडले, २५ हजार गेले, बहुतेक ए गटाच्या जंतूमुळे, आणि मेनअफ्रिव्हॅक फक्त त्याच गटावर आहे. डब्ल्यूएचओच्या नोंदीत २०१७ नंतर तिथे ए गटाचा एकही रुग्ण नाही. पण सी, डब्ल्यू, एक्स हे गट अजून माणसं मारतायत, म्हणून पुण्यातच पाच गटांवरची लस बनली आणि २०२४ मध्ये ती सगळ्यात आधी नायजेरियात द्यायला लागले.