‘सुरक्षित’ रसायनांची यादी मी का देणार नाही

तुम्ही आक्षेप सविस्तर लिहिलेत, म्हणून उत्तरही जरा लांबवतो. पीएफएएस म्हणजे कार्बन-फ्लोरिन बंध असलेली, सहजी न मोडणारी मानवनिर्मित रसायनं. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या चाळणी चाचण्यांवर, म्हणजे कोणतं रसायन घातक असू शकतं याच्या पहिल्या झटपट छाननीवर, मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चाचणीच्या प्लेटमध्ये (छोट्या खळग्यांच्या ताटलीत) वाढवलेल्या पेशींवर काहीही ओतलं तरी त्या मरणारच, मीठ ओतलं तरी मरतील. विष मात्रेवर ठरतं, हे मी सोयीस्करपणे विसरलो. आणि भीतीच घालायची नसेल, तर चाचणीत ज्यांचं काहीच वावगं दिसलं नाही अशा रसायनांची यादीही द्यावी, म्हणजे लोकांचा जीव भांड्यात पडेल.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. आकडे तुम्ही दिले नाहीत, ते मी देतो. अशा चाचण्यांत सर्वांत वरची पातळी बहुधा 100 मायक्रोमोलरच्या (द्रावणातल्या रेणूंच्या प्रमाणाचं माप) आसपास असते. या कुळातलं एक गाजलेलं रसायन पीएफओए. त्याचा रेणुभार 414, म्हणजे लिटरमागे साधारण 41 मिलिग्रॅम झाले. सर्वसामान्य माणसाच्या रक्तात ते लिटरमागे काही मायक्रोग्रॅमच सापडतं. फरक दहा हजार पटींच्या घरातला आहे. पण ‘त्या पातळीला पेशी मेल्या’ एवढ्यावर कुणी निष्कर्ष काढत नाही. मरू घातलेल्या पेशीत सगळेच इशारे एकदम वाजायला लागतात, म्हणून मृत्यूच्या पातळीजवळची निरीक्षणं वेगळी काढून ठेवतात. बघायचं असतं ते त्याच्या बरंच खाली काय हलतं: यकृतपेशींत चरबीच्या चयापचयावर ताबा ठेवणारा पीपीएआर-अल्फा हा रिसेप्टर (संकेत ओळखणारं प्रथिन) जागा होतो का, झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणाची वाढ बिघडते का. यातून लागतो तो क्रम, कुणाची कसून तपासणी आधी करायची त्याचा. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या 2018 च्या यादीत या कुळातली 4,700 हून जास्त नावं आहेत. प्रत्येकासाठी उंदरांवर दोन वर्षांचा अभ्यास होणं नाही. म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने रचनेनुसार गट पाडून सुमारे 150 प्रतिनिधी निवडले.

आता मात्रा. मात्रेवर विष ठरतं हे मान्य, पण मात्रा मोजायची कुठे? तुम्ही रोज पोटात जाणाऱ्या नॅनोग्रॅमकडे बघताय. जे रसायन सहा तासांत निम्मं बाहेर पडतं, त्याच्या बाबतीत तसं बघणं ठीक, कारण अंगात कधीच एका दिवसाच्या मात्रेच्या वर फारसं साचत नाही. पीएफओएचं माणसातलं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं बाहेर पडायला लागणारा काळ, काही वर्षांचं आहे. अडीच वर्षं धरा. रोज तेवढंच घेत राहिलात, तर साठा स्थिरावेपर्यंत तो रोजच्या मात्रेच्या सुमारे 1,300 पट झालेला असतो. गणित साधं आहे, अर्धायुष्याच्या दिवसांना 0.693 ने भागायचं. प्लेटमधल्या पातळीशी तुलना करायची ती या साठ्यामुळे रक्तात येणाऱ्या पातळीची, घोटभर पाण्यातल्या प्रमाणाची नव्हे.

‘मग सरळ उंदरांवर करा’ असंही तुम्ही जाता जाता म्हटलंय. उंदराच्या जातभाईचं, प्रयोगशाळेतल्या रॅटचं उदाहरण बघा. मादीच्या शरीरातून पीएफओए काही तासांत निम्मं बाहेर पडतं, नराच्या शरीरातून काही दिवसांत, माणसातून काही वर्षांत. मूत्रपिंडातले वाहक रेणू ते लघवीत सोडतात की परत रक्तात ओढतात, त्यावर हे ठरतं. एकाच जातीच्या नर-मादीत इतका फरक असेल, तर रॅटला दिलेले मिलिग्रॅम तसेच उचलून माणसाला लावता येत नाहीत. (नॉनस्टिक भांड्याबद्दल: त्यावरचा पॉलिमर रासायनिकदृष्ट्या सुस्त असतो, हे तुमचं बरोबर. माझा लेख त्याबद्दल नव्हताच. तो पॉलिमर तयार करताना वापरलेल्या आणि कारखान्याबाहेर गेलेल्या लहान रेणूंबद्दल होता.)

खरं तर या चाचण्यांवरचा तुमचा अविश्वास मलाही पटतो, फक्त त्याचं तोंड चुकीच्या दिशेला आहे. तुम्हाला वाटतं, चाळणी निरपराध्यांना पकडते. या कुळाच्या बाबतीत जास्त काळजी आहे ती अपराधी सुटण्याची.

एक उदाहरण पुरेसं बोलकं आहे. चाळणीसाठी रसायनं डीएमएसओ या विद्रावकात विरघळवून साठवण्याची जुनी पद्धत आहे. जेनएक्स नावाने ओळखलं जाणारं एचएफपीओ-डीए हे पीएफओएच्या जागी आलेलं रसायन. 2020 मध्ये उघड झालं की डीएमएसओत ते टिकतच नाही. त्यातला कार्बॉक्सिल (आम्लाचा) गट गळून पडतो आणि उरतो एक वेगळाच ईथर. म्हणजे बाटलीवर नाव एकाचं आणि प्लेटमध्ये भलतंच काही. अशा साठ्यावर चाचणी करून ‘परिणाम आढळला नाही’ असं लिहिलं, तर त्या वाक्याचा एचएफपीओ-डीएशी संबंधच उरत नाही. दुसरीकडे, याच कुळातली फ्लोरोटेलोमर अल्कोहोलसारखी काही रसायनं हवेत उडून जातात, लांब साखळीची काही प्लॅस्टिकला चिकटतात. पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) घातलेलं असेल, तर त्यातलं अल्ब्युमिन हे प्रथिन पीएफओएला धरून ठेवतं आणि पेशीपर्यंत थोडंसंच पोचतं. मोजलेलं आणि पोचलेलं यांत अशी तफावत पडते. ही रसायनं खऱ्या अर्थाने चिवट आहेत ती कार्बन-फ्लोरिन बंधामुळे, पण तो बंध रेणूचा बाकीचा भाग वाचवत नाही.

शिवाय प्लेटमध्ये जी यंत्रणाच नाही, तिचं नुकसान दिसणार कसं? उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरच्या मुलांत पीएफएएसची पातळी जास्त तिथे धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीनंतरची प्रतिपिंडं कमी, असं 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2020 मध्ये चार पीएफएएस मिळून आठवड्याला किलो वजनामागे 4.4 नॅनोग्रॅम ही मर्यादा लसीला मिळणाऱ्या प्रतिसादावरूनच ठरवली. यकृतपेशींच्या थराला लस टोचता येत नाही. पीएफओए जनुकीय उत्परिवर्तनाच्या नेहमीच्या चाचण्यांत सहसा अडकत नाही, तरी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2023 मध्ये त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्यांत टाकलं.

म्हणून तुमची यादी मी देणार नाही. द्यायचीच झाली, तर प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहाव्या लागतील: साठ्यातला रेणू तोच होता हे तपासलं का, प्लेटमध्ये खरोखर किती उरलं ते मोजलं का, त्याचं माणसातलं अर्धायुष्य माहीत आहे का, आणि चाचणीत कोणत्या अवयवाच्या पेशी होत्या. हे चारही रकाने भरलेली नावं तुमच्याकडे असतील, तर इथेच खाली लिहा. मी ती मूळ लेखात जोडेन.