नार्को चाचणी खरेच सत्य वदवते का?

एखादा खून गाजू लागला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: ‘नार्को चाचणीत माणूस खोटे बोलूच शकत नाही, तरीही सर्वोच्च न्यायालयाने गुन्हेगारांच्या हक्कांपायी तिच्यावर बंदी घातली, ज्याला काही लपवायचे नाही, तो नकार देईलच कशाला?’ यातले एकही विधान टिकत नाही.

पहिल्या विधानाचा औषधाच्या परिणामाशी मेळ बसत नाही. भूलतज्ज्ञ सोडियम पेंटोथाल हे भुलीचेच औषध शिरेतून हळूहळू सोडतो, मात्र माणूस पुरता बेशुद्ध होणार नाही अशा बेताने. जीभ जड होते, संकोच गळतो, बडबड सुरू होते; पण त्याच गुंगीत माणूस समोरच्याच्या सूचनेलाही चटकन वश होतो. ‘सुरा विहिरीत टाकलास ना?’ या प्रश्नाला आलेला होकार आठवणीतून आला की प्रश्नातूनच उचलला गेला, हे ओळखण्याचे साधन तपासणाऱ्याजवळ नसते. घडलेले, ऐकलेले आणि भीतीने डोक्यात घर केलेले असे सारेच उत्तरात मिसळते, शिवाय काही जण त्या अवस्थेतही बेमालूम खोटे बोलतात. डीएनए अहवालाबद्दल शंका आली, तर जपून ठेवलेला नमुना पुन्हा तपासता येतो. इथे तपासायला नमुनाच नसतो. त्यामुळे प्रयोगशाळेचा शिक्का असला, तरी ही मुळात औषधाच्या अमलाखाली घेतलेली जबानी आहे.

१९२२ मध्ये टेक्सासमधील रॉबर्ट हाउस या प्रसूतितज्ज्ञाने स्कोपोलामाइन हे औषध सत्य वदवते, असे दाखवण्यासाठी ते दोन कैद्यांना दिले, तेव्हा दोघांनीही आरोप नाकारले होते. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांना असले ‘सत्य’ आज कितपत पचेल, याची मला शंका आहे.

बंदीचे विधान तर निकाल न वाचताच केलेले दिसते. न्यायालयांना या चाचणीचे वावडे होते असेही नाही. तेलगी मुद्रांक घोटाळ्याच्या तपासात २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्यांना मुभा दिली होती. पुढे ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या प्रकरणात ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली ती सक्तीला, आणि तसे करताना संविधानाच्या अनुच्छेद २०(३) (स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण) व २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) यांबरोबरच चाचणीच्या विश्वासार्हतेचाही ऊहापोह केला. संमतीने चाचणी होऊ शकते. तिच्यातील बोलणे पुरावा ठरत नाही, मात्र त्या माहितीवरून पुढे एखादी वस्तू सापडली, तर ती ग्राह्य धरता येते; निकालाच्या वेळी ही तरतूद पुरावा अधिनियमाच्या कलम २७ मध्ये होती, जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. २०२५ मध्ये अमलेश कुमार प्रकरणात याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की, संमतीने झालेल्या चाचणीचा अहवाल किंवा तिच्यातून मिळालेली माहिती, केवळ एवढ्यावर कोणाला दोषी ठरवता येणार नाही.

उरला नकाराचा मुद्दा. संमती दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावी आणि आरोपीला वकिलाचा सल्ला मिळावा, ही अट सेल्वी निकालानेच घातली आहे. पेंटोथालने श्वसन मंदावते, त्यामुळे शस्त्रक्रियेत तो धोका पत्करणारा माणूसही पोलिसांच्या प्रश्नांसाठी तो पत्करायला कचरेल. आणि निर्दोष माणसाला तर जास्तच भ्यायला हवे, कारण गुंगीत निघालेला होकार खटल्यात पुरावा ठरला नाही, तरी त्याची चित्रफीत वाहिन्यांवर पोहोचू शकते, आणि तिथे पुराव्याचे कलम कोणी विचारत नाही.