चारचा गजर

पहाटे पाचला चार भिंतीच्या टेकडीच्या चढावर निम्मा सातारा भेटतो, आणि त्यातल्या निम्म्यांच्या खिशात मोबाईल गात असतो. अहो, शांतता घालवायलाच उठायचं तर घरी झोपा की!

मीही त्यातलाच, उगाच शहाणपणा नको. गेल्या वर्षी ब्राह्ममुहूर्तावर उठण्याबद्दलचं कुणाचं तरी रील बघून चारचा गजर लावला. झोपायचो मात्र बारालाच. दहाव्या दिवशी ऑफिसात एकाच पत्रावर दोनदा जावक नंबर टाकला.

अण्णा, म्हणजे वडील, म्हणाले, "चार वाजता कुठल्या शास्त्रात लिहिलंय रे?" खरंच, कुठेच नाही. ब्राह्ममुहूर्त हा रात्रीचा शेवटून दुसरा मुहूर्त. मुहूर्त साधारण ४८ मिनिटांचा, म्हणजे तो सूर्योदयाआधी ९६ मिनिटं लागतो. साताऱ्यात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हा साडेपाचला उठलात तरी गाठलात. मेअखेरीस मात्र साडेचारच्याही आत. शिवाय अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात वाग्भटानं या वेळी उठायला सांगितलंय ते 'स्वस्थ' म्हणजे निरोगी माणसाला. रात्रपाळी करून आलेल्याला किंवा तान्ह्या बाळाच्या आईला यावरून कुणी ऐकवत असेल, तर त्यानं तो श्लोक नीट वाचलेला नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या सज्जनगडच्या समर्थांनीही दासबोधात प्रातःकाळी उठून काही पाठांतर करा, देवाला आठवा म्हटलंय, पण यथाशक्ती.

मग कार्तिकात अण्णांबरोबर पेठेतल्या विठ्ठलमंदिरात काकड्याला जायला लागलो. अंगावर शाल, पायाखाली गार फरशी. पुजारी तुपात भिजवलेला कापडाचा काकडा पेटवतात, तो आधी तडतडतो, धूर सोडतो आणि मग एकदम विठोबाचा चेहरा उजळतो. टाळ असतात, भूपाळी असते, पण गोंगाट नसतो. तोवर फोन आलेला नसतो, कुणावर खेकसलेलं नसतं, मन अजून कोरं असतं. हा फायदा मला पटला. बाकी तेज बिज वाढल्याचं आरशात तरी दिसलं नाही. पण हरिपाठाचे पाच अभंग पाठ झाले. रात्री पुस्तक धरून एक होत नव्हता.

हे जमलं ते साडेनऊला पाठ टेकत होतो म्हणून. आता त्रिपुरी पौर्णिमेला काकडा संपला. इकडे तुळशीचं लग्न लागल्याबरोबर मागच्या कार्यालयात लग्नसराई सुरू. काल वरात अकराला निघाली, डीजेसकट. अण्णा कानात कापूस घालून झोपले. मला तेही जमेना.