फॉर्म मुलाने भरला तर?

मधुमेहाच्या तपासणीतच जीवनमानाची प्रश्नावली भरून घेतली तर नैराश्य लवकर हाती लागेल, हा लेखातला मुद्दा पटला. पण ती भरतं कोण, हेही बघा. आमचे बाबा ७२ वर्षांचे, कोथरूडला राहतात, साखर जुनीच. मागच्या वर्षी एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ७ वरून ९ च्या वर गेलं. गोळी वाढली, आणि आम्ही ‘चोरून गोड खाता’ म्हणून बोललो ते वेगळंच. त्यांनी पहाटे पर्वती चढणं कधी सोडलं, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एका दवाखान्यात डब्ल्यूएचओ-५ चा, म्हणजे मन किती बरं आहे हे विचारणाऱ्या छोट्या प्रश्नावलीचा कागद मिळाला. पाचच विधानं, प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेला ४ ने गुणायचं. भावाने रांगेत बसल्या बसल्या परस्पर भरून टाकला. ‘बाबा, झोप बरी ना?’ ‘हं.’ झाले ७६! घरी मी चष्मा आणि पेन त्यांच्याच हातात दिलं. रोजच्या जगण्यात रस वाटेल अशा गोष्टी आहेत का, या विधानापाशी पेन बराच वेळ थांबलं. आले ३२. ५० किंवा कमी आले तर पुढे चौकशी करायची असते.

अर्थात गुण म्हणजे निदान नव्हे. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीत थकवा, झोप, भूक विचारतात. साखर चढली तरी हेच होतं. डॉक्टरांनी समोर बसवून बोलायलाच हवं. आणि हो, ‘गेल्या दोन आठवड्यांत’ हे प्रश्नावलीतले शब्द जरा ठळक छापा. बाबा आधी वर्षभराचा हिशोब मांडून बसले होते.